उंबऱ्याला दंड : वाळीत टाकलेल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण कोकणातल्या एका वाडीचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वयं, नाती आणि रकमा बदलल्या आहेत, आणि अशाच इतर वादांतले काही तपशील यात मिसळले आहेत. कायद्याच्या तरतुदी आणि तत्त्वज्ञांची मतं मात्र बदललेली नाहीत.

पार्श्वभूमी

वाडीत ८४ उंबरे, म्हणजे घरं. गावकीचा, म्हणजे गावाच्या पंचांच्या सभेचा, सगळा कारभार उंबऱ्यावर चालतो. वर्गणी उंबऱ्यामागे, शिमग्यात पालखीचा मान उंबऱ्याला, सभेत बोलायचं तर घरातल्या कर्त्या पुरुषाने. बायका सभेला बसत नाहीत. बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी मुंबई-ठाण्याकडे आहे. त्यांचं मुंबई मंडळ वेगळं, आणि मोठ्या खर्चाचा पैसा येतो तो मुख्यतः तिथूनच.

वादातलं घर दोन भावांचं. थोरला गावात राहतो, भात लावतो, आंबा-काजूची थोडी कलमं आहेत. धाकटा डोंबिवलीला, एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. आई ऐंशीच्या पुढची, थोरल्याकडे. सातबाऱ्यावर दोघांची नावं, पण गावकीच्या वहीत उंबरा एकच.

ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा उंबऱ्यामागे १५,००० रुपये ठरले, म्हणजे १२ लाख ६० हजार. मुंबई मंडळाने दिले ते वेगळे. दोन वर्षांनी शिखराचं काम अर्धवटच होतं आणि उंबऱ्यामागे आणखी ५,००० मागितले गेले. शिमग्याच्या सभेत धाकट्याने पावत्या मागितल्या. एक जुने पंच म्हणाले, "तुझ्या बापाने कधी हिशेब विचारला नाही." धाकटा म्हणाला, "त्यांनी विचारला असता तर आज मला विचारावा लागला नसता." सभा तिथेच पेटली.

निवाडा त्याच रात्री झाला : सभेपुढे नारळ ठेवून माफी आणि २५,००० रुपये दंड, मुदत १५ दिवस. धाकटा डोंबिवलीला निघून गेला, दंड भरला नाही. सोळाव्या दिवशी घर वाळीत पडलं. त्या घराशी बोलेल त्याला ५,००० दंड.

समस्या नेमकी काय होती

वाळीत टाकणं म्हणजे दारावर कुलूप नव्हे. कागदावर काहीच नसतं. पिठाच्या गिरणीवर "आज पट्टा तुटलाय" असं सांगतात आणि मागून आलेल्याचं दळण घेतात. लावणीला गडी मिळत नाहीत. पऱ्ह्याचा मूठभर तरवा (भाताची रोपं) उसना मिळत नाही, आणि चार दिवस उशीर झाला की रोप वर चढतं आणि भाताला फुटवा कमी येतो. दुकानदार उधारी बंद करतो, मग रोखीनेही "संपलंय" म्हणतो. विहिरीवर पाणी भरायला कोणी अडवत नाही, पण थोरल्याची बायको पोचली की बाकीच्या कळशा उचलून चालू लागतात.

या सगळ्याचा भार कोणावर पडला ते बघण्यासारखं आहे. बोलला धाकटा, आणि तो डोंबिवलीत आपल्या सोसायटीत, ऑफिसात, लोकलमध्ये जसा होता तसाच होता. सभेत गप्प बसलेला थोरला, सभेला बसण्याचा हक्कच नसलेली त्याची बायको आणि आई, शिक्षा यांनी भोगली.

इथे वैयक्तिक ओळखीचा जुना प्रश्न थेट भातशेतीत उतरतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४मध्ये व्यक्ती कशाने तीच राहते याचा विचार केला तेव्हा देह, कुळ, घर सगळं बाजूला ठेवलं आणि जाणीव व स्मृती यांवर बोट ठेवलं. व्यक्ती ही संकल्पना त्याच्या मते न्यायनिवाड्याची आहे : ज्याला ते कृत्य आपलं म्हणून आठवतं, जबाबदार तोच. या हिशेबाने गावकीने चुकीच्या माणसाला शिक्षा केली. गावकीचा हिशेब वेगळा. तिच्यासाठी कर्ता, बोलणारा आणि भोगणारा एकच आणि तो म्हणजे उंबरा. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत मसुदा मांडताना, यात गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं याचा आनंद व्यक्त केला होता. या वाडीतला अर्धा वाद त्या एका वाक्यावरच उभा आहे.

पण लॉकला धरून प्रकरण मिटलं असतं असं समजू नये, कारण थोरला स्वतःच लॉकच्या बाजूचा नव्हता. "तो बोलला म्हणजे आमचं घर बोललं," हे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं. शिक्षेवर त्याचा राग होता. शिक्षा घराला झाली याचं त्याला नवल वाटलं नाही.

पर्याय

पाच पर्याय समोर होते, पैकी दोन गावकीने सुचवलेले.

पहिला, दंड भरून माफी. २५,००० ही धाकट्यासाठी न पेलणारी रक्कम नव्हती. अडचण माफीची होती. हिशेब मागणं हा गुन्हा आहे हे सभेपुढे कबूल केलं की पुढचा कोणीही तोंड उघडणार नाही, आणि शिखरासाठीचे ५,००० मात्र सगळ्यांकडून वसूल होतील.

दुसरा पर्याय जास्त धूर्त : थोरल्याने चूल वेगळी केल्याचं सभेत सांगावं, वहीत नवा उंबरा घालून घ्यावा, की तो आणि आई आत आणि धाकटा बाहेर. वरवर पाहता ही लॉकचीच मागणी पुरी होते, दोष ज्याचा त्याच्या माथी. प्रत्यक्षात भावाने भावाला तोडल्याची घोषणा करायची होती. आईने ऐकल्यावर एवढंच विचारलं की मग गणपती कोणत्या चुलीचा.

तिसरा, गाव सोडून डोंबिवलीला जाणं. राजकीय विचारवंत चंद्रन कुकाथस यांनी १९९२मध्ये मांडलेली भूमिका अशी की समाजाला अंतर्गत कारभारात मोकळीक द्यावी, फक्त सभासदाला बाहेर पडण्याचा हक्क पक्का असावा. वाचायला बरं वाटतं. पण बाहेर पडण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. धाकट्याकडे बाहेर पडायला दुसरं जग तयार होतं. थोरल्याची शेती, कलमं, हातातलं कसब आणि बोलायची माणसं सगळी त्या वाडीत. आईला तर डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर नेणं म्हणजे वाळीत टाकण्याचाच दुसरा प्रकार झाला असता.

चौथा, फिर्याद. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा, जुलै २०१७पासून लागू. त्यात जातपंचायत कोणत्याही नावाने चालत असो, नोंदणी असो वा नसो, ती कक्षेत येते. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र. तक्रार पीडित किंवा घरातलं कोणीही पोलिसांकडे वा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकतं.

पाचवा, काहीच न करणं. वर्ष-दोन वर्षांत गावकी आपोआप सैल पडते असं अनेक जण सांगतात, आणि तसं होतंही. आईच्या वयाकडे पाहता तो सल्ला कोणाला पटला नाही. खांदा द्यायला चार माणसं तरी येतील ना, ही थोरल्याची धास्ती होती.

पहिला निर्णय : आधी काय लिहून ठेवायचं

फिर्यादीचा रस्ता धरायचं ठरलं, पण वकिलांनी पहिले सहा आठवडे फिर्याद द्यायला मनाई केली आणि एक साधी २०० पानी वही घ्यायला सांगितली. रोजची नोंद चार गोष्टींची : तारीख-वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आणि त्या वेळी तिथे तिसरं कोण होतं. ही चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि तिच्यावाचून नोंद म्हणजे एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध. मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात "त्या घराशी संबंध ठेवू नये, दंड लागू राहील" असा निरोप आला होता. त्याचा नुसता फोटो काढला नाही, मूळ फोन जपून ठेवला, कारण पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ त्या फोनवरून पडताळता येते. गावकीने दुसऱ्या एका घराकडून बोलल्याबद्दल ५,००० घेऊन दिलेली पावती "देवस्थान देणगी" अशी होती. ती पावती त्या घरानेच संध्याकाळी आणून दिली.

ती पावती पुराव्यापेक्षा मोठी होती. दंड भरलेलं घर गुपचूप बोलत होतं. शेजारीण अंधार पडल्यावर मागच्या दाराने बांगडे देत होती. मुंबई मंडळातली तरणी पोरं खाजगीत धाकट्याला फोन करत होती, कारण हिशेब त्यांनाही हवा होता. "समाजाने टाकलं" असं म्हणताना ८४ उंबऱ्यांपैकी किती जणांनी मनाने टाकलं होतं? सभेत बोलणारे सात-आठ, बाकीचे दंडाला भिणारे. प्रकरणाची किल्ली इथे आहे असं आमचं मत आहे. समाज आणि समाजाच्या नावाने बोलणारे यांच्यातलं अंतर मोजल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय नीट घेता येत नाही.

दुसरा निर्णय : नावं कोणाची

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेल्यावर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन "गावात मिटवा" असं सांगितलं गेलं. हे वारंवार घडतं, कारण नव्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायची सवय नसते आणि गावकीशी रोजचा संबंध असतो. यावर उपाय वाद घालण्याचा नाही. तोच अर्ज, वहीतल्या नोंदींच्या प्रतींसह, पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवला. त्यानंतर गुन्हा नोंदला गेला.

अर्जात नावं किती घालायची यावर दोघा भावांत खटका उडाला. धाकट्याला सभेतले सगळे १९ पंच हवे होते. वकिलांनी सातच घातले : निवाडा ज्यांनी उच्चारला ते, दंड घेणारा, निरोप पाठवणारा. १९ नावांत थोरल्याचा मेहुणाही आला असता. सात नावांनी फिर्याद "गावाविरुद्ध" न होता काही माणसांच्या ठरावाविरुद्ध झाली, आणि बाकीच्यांना गप्प राहून बाजू बदलायची वाट मोकळी राहिली. पुढे मुंबई मंडळ फुटलं ते त्यामुळेच.

तिसरा निर्णय : पालखीचं काय

हा सगळ्यात अवघड. वाळीतल्या घराच्या दारी शिमग्यात देवीची पालखी येणार नव्हती. समोरच्यांच्या वकिलाने पालखी कोणाच्या दारी न्यायची हा देवस्थानाचा अंतर्गत धार्मिक प्रश्न आहे असा पवित्रा घेतला. त्यामागे खरा आधार आहे. मुंबई प्रांताने १९४९मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा प्रमुखांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ला तो बहुमताने रद्द केला. धर्माच्या कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा संविधानाच्या अनुच्छेद २६ खालच्या धार्मिक कारभाराचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत वेगळं होतं. फेब्रुवारी २०२३मध्ये घटनापीठाने हा विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

म्हणून घराच्या वकिलांनी फिर्यादीचा भर गिरणी, मजूर, दुकान आणि बोलण्यावरच्या दंडावर ठेवला. पालखीचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात. धार्मिक विधीत भाग घेण्यापासून अडवणंही २०१६च्या कायद्यात येतं, तरी वाद श्रद्धेवर नाही, हिशेबावर आहे, हे ठसवायचं होतं. कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय. पण आईला गिरणीचं दुःख नव्हतं. जातं घरात होतं. तिला दारात पालखी हवी होती आणि देवीची ओटी भरायची होती. जे तिच्या लेखी मुख्य, तेच कागदावर शेपटाला गेलं.

कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९८९मध्ये लिहिलं की माणूस एकट्याने 'मी' होत नाही. ज्यांच्याशी तो बोलत आला त्या माणसांच्या जाळ्यातच त्याला आपण कोण ते कळतं. हे वाचलं की बोलण्यावरचा दंड इतका खोल का लागतो ते समजतं. अडचण अशी की या निदानावरून काही जण घाईने पुढची पायरी गाठतात : समाज माणूस घडवतो, म्हणून समाजाचं ऐकावं. तत्त्वज्ञ आलास्डेर मॅकिन्टायर यांनी कुळ, गाव, जमात यांच्याकडून आपण देणी आणि कर्तव्यं वारशाने घेतो असं ठासून सांगितलं. पण त्या समाजाच्या नैतिक मर्यादा मुकाट मान्य कराव्या लागतात असं त्यातून निघत नाही, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं आहे. पहिलं वाक्य उद्धृत करणारे दुसरं गाळतात. अमेरिकी विचारवंत मायकल वॉल्झर यांना टीकाकार आतलाच असावा असं वाटतं : त्याच लोकांच्या मूल्यांवर बोट ठेवून बोलणारा. धाकट्याचा मुद्दा अगदी तसाच होता. देवीचा पैसा देवीलाच लागावा, हे मूल्य त्याने डोंबिवलीहून आणलेलं नव्हतं.

निकाल

गुन्हा नोंदल्यावर सात जणांना जामीन मिळाला, आणि आठवड्याभरात गिरणी सुरू झाली. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो. तारखा तेवढ्यात संपतील यावर कोणाचा भरवसा नव्हता. दरम्यान मुंबई मंडळाने ठराव केला की हिशेब येईपर्यंत शिखराचा हप्ता द्यायचा नाही. तडजोडीला खरी गती या ठरावाने आली, फिर्यादीने नव्हे, असं आम्हाला वाटतं.

पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर या कायद्यात तडजोड होते आणि न्यायालय समाजसेवेची अट घालू शकतं. तसंच झालं. अटी चार : निवाडा रद्द केल्याचं गावकीच्या वहीत लिहायचं, बोलल्याबद्दल घेतलेले ५,००० परत, जीर्णोद्धाराचा हिशेब पुढच्या सभेत वाचायचा, पालखी पूर्ववत घरी येणार. माफी कोणीच कोणाची मागितली नाही, आणि ते बरं झालं.

हिशेब वाचला गेला, पण अपुरा. सुमारे ९० हजारांना पावत्या नव्हत्या. पैसे खाल्ले असं सिद्ध झालं नाही. गवंड्याला आणि चिऱ्याच्या गाड्यांना रोख दिले आणि कोणी लिहून ठेवलं नाही, असंही असू शकेल. सात घरांपैकी दोन आजही बोलत नाहीत. त्यावर कायद्याचा इलाज नाही आणि असूही नये. बोलू नका असा हुकूम काढणं गुन्हा आहे, न बोलणं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हिशेब मागायची जागा चुकली. देवस्थान धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं होतं, हे फिर्यादीनंतर कळलं. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावे लागतात आणि लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. शेड्युल १चा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा काढून विश्वस्त कोण आहेत ते पाहायचं आणि त्यांच्याकडे लेखी मागणी करायची. उत्तर आलं नाही तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज. भर सभेत म्हाताऱ्या माणसाला कोंडीत धरायची गरज नव्हती. अर्थात हा रस्ता बाहेरचा आहे, आणि आधी आत विचारावं असं वाटण्यात धाकट्याचं काही चुकलं नाही. पण आत विचारायचं तर एकट्याने नको. मंडळातल्या दहा-बारा उंबऱ्यांच्या सह्यांचा कागद आधी पंचांच्या हाती घरी जाऊन दिला असता, तर सभेत उत्तर देणं किंवा टाळणं त्यांच्यावर आलं असतं आणि दंड एका उंबऱ्यावर ढकलता आला नसता.

थोरल्याला आधी विचारायला हवं होतं. तत्त्व धाकट्याचं आणि भाताचं नुकसान थोरल्याचं, ही वाटणी न्याय्य नव्हती. गावकीने दोघांना एक धरलं ते चूक, पण धाकट्यानेही सभेत उभं राहताना सगळ्या घराच्या वतीने धोका पत्करला आणि घराला सांगितलं नाही. एकट्याच्या जबाबदारीचा युक्तिवाद त्याला वाळीत पडल्यावर आठवला.

आणि बायका. समाजाच्या सामूहिक हक्कांचा पुरस्कार करताना त्या समाजात बायकांच्या वतीने कोण बोलतं ते तपासा, हा स्त्रीवादी विचारवंत सुझन मोलर ओकिन यांचा १९९९चा इशारा गावकीला लागू पडतो यात नवल नाही; तो तडजोडीच्या टेबलालाही लागू पडला. अटी ठरल्या तेव्हा खोलीत दोन वकील, दोन भाऊ, तीन पंच आणि मंडळाचे अध्यक्ष होते. "पालखी पूर्ववत" एवढंच लिहिलं. शिमग्यात पालखी आली ती सगळ्यात शेवटी, रात्री दोनला, रीतीप्रमाणे सातव्या उंबऱ्याचा क्रम असताना. पंच म्हणाले, येणं पूर्ववत झालं, क्रमाचं ठरलं नव्हतं. आईला आधी विचारलं असतं तर तिने पहिली गोष्ट क्रमाचीच सांगितली असती. आता त्यासाठी वेगळा अर्ज गावकीकडे दिलेला आहे, त्यावर पहिली सही तिची आहे.